आकाशातील श्रमविभागणी

हैदराबादजवळील दुंडिगल येथे हवाई दलाच्या अकादमीत शिकणाऱ्या प्रत्येक छात्राच्या आयुष्यात असा एक दिवस येतो की, त्या दिवशी त्याच्या पुढील वीस-पंचवीस वर्षांची दिशा ठरून जाते. तोपर्यंत सर्व छात्र एकाच प्रकारच्या विमानावर उड्डाणाचे प्राथमिक धडे गिरवीत असतात. त्यानंतर वाटा फुटतात. काहींच्या वाट्याला लढाऊ विमाने येतात, काहींच्या वाट्याला वाहतुकीची अवजड विमाने आणि काहींच्या वाट्याला हेलिकॉप्टरे. छात्रांना त्यांची पसंती विचारली जाते हे खरे. परंतु अंतिम निर्णय त्यांची उड्डाणातील कामगिरी, प्रशिक्षकांचा अभिप्राय आणि त्या वेळची दलाची गरज यांवर अवलंबून असतो. ज्याला लढाऊ विमान मिळते त्याचे अभिनंदन होते. ज्याला मिळत नाही त्याचे, निदान घरच्या मंडळींकडून तरी, सांत्वन होते. हे सांत्वन कितपत योग्य आहे, याचा विचार करण्याची वेळ आली आहे.

प्रश्न वरवर पाहता मूठभर तरुणांचा वाटतो. पण महाराष्ट्राला तो परका नाही. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी पुण्याच्या उंबरठ्यावर आहे. सैन्यातील अधिकारपदांसाठी मराठी मुलांची तयारी करून घेण्याकरिता राज्य शासनाने १९७७ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सैनिकी सेवा पूर्वप्रशिक्षण संस्था काढली. प्रबोधिनीचे दार २०२२ पासून मुलींनाही उघडले आहे. लोहगावच्या तळावरून १९९७ पासून सुखोई विमाने उडताहेत आणि नाशिकजवळच्या ओझर येथील कारखान्यात मिगपासून सुखोईपर्यंतची विमाने तयार झाली आहेत. हवाई दलप्रमुखाच्या पदावर हृषीकेश मुळगावकर, अनिल टिपणीस, प्रदीप नाईक आणि विवेक राम चौधरी ही मराठी माणसे बसून गेली. हे चौघेही लढाऊ विमानांचे वैमानिक होते. तेव्हा शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या घरातला एखादा विद्यार्थी ‘मला वैमानिक व्हायचे आहे’ असे म्हणतो, त्या वेळी त्याच्या डोळ्यांसमोर कोणते विमान उभे असते हे सांगण्याची गरज नाही.

दोन व्यवसाय, दोन प्रकृती

लढाऊ वैमानिक आणि अवजड विमानाचा वैमानिक हे एकाच धंद्यातील वरिष्ठ व कनिष्ठ कारागीर आहेत, अशी एक समजूत रूढ आहे. वस्तुतः हे दोन वेगळे व्यवसाय आहेत.

लढाऊ विमानाचे उड्डाण बहुधा तासा-दीड तासाचे असते. पण त्या अवधीत वैमानिकाच्या शरीरावर जो ताण पडतो त्याची कल्पना जमिनीवरच्या माणसाला येणे कठीण आहे. तीव्र वळण घेताना त्याच्या देहाचे वजन नऊपटीपर्यंत जाऊ शकते. मेंदूतील रक्त पायांकडे ओढले जाते आणि विशिष्ट पोशाख व श्वासोच्छ्वासाचे तंत्र यांच्या आधारे त्याला शुद्ध टिकवावी लागते. मान व पाठीचा कणा यांना त्याची किंमत मोजावी लागते. उसळत्या आसनाने विमानाबाहेर फेकले जाण्याचा प्रसंग आला, तर प्राण वाचतात, पण मणक्यांना इजा होण्याचा धोका असतोच. शत्रू कोठे आहे, इंधन किती उरले आहे, अस्त्र कोणते सोडायचे, हे सारे निर्णय त्याने बहुधा एकट्याने आणि काही सेकंदांत घ्यायचे असतात. उमेदवारांच्या पायांची, मांडीची व बैठकीची उंची मोजून घेतली जाते ती याच कारणाने. विमानाची खोली माणसाच्या मापाची करता येत नाही. माणूस खोलीच्या मापाचा निवडावा लागतो.

अवजड विमानाच्या वैमानिकाचा ताण निराळा आहे. सी-१७ जातीचे विमान सुमारे ७७ टन भार उचलते, आणि ते चालविणारे पथक असते केवळ तिघांचे: दोन वैमानिक आणि भाराची व्यवस्था पाहणारा एक सहकारी. उड्डाण तासन्‌तास चालते. वाटेत हवामान पालटते. ज्या धावपट्टीवर उतरायचे ती आखूड असते, कच्ची असते, किंवा डोंगरांच्या घळीत असते. लडाखमधील दौलत बेग ओल्डी येथे १६,६१४ फुटांवर २० ऑगस्ट २०१३ रोजी सी-१३० जातीचे विमान उतरविण्यात आले. इतक्या उंचीवर हवा विरळ असते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनांची शक्ती घटते आणि तोच विमानाला वेग आवरण्यासाठी अधिक लांब पट्टी हवी असते. शिवाय अशा वैमानिकाच्या पाठीमागे शंभर माणसे बसलेली असू शकतात आणि त्याच्या आसनाखाली उसळण्याची सोय नसते. त्याचा निर्णय चुकला तर तो एकटा सुटू शकत नाही. सहकाऱ्याचे ऐकून घेणे, प्रसंगी ‘आज उतरता येणार नाही, परत फिरू या’ असे म्हणण्याचे धैर्य दाखविणे, हे त्याचे गुण. लढाऊ वैमानिकाला जी झडप आवश्यक असते ती येथे घातक ठरू शकते. आणि येथे जो सबुरीचा गुण लागतो तो तेथे प्राणावर बेतू शकतो.

अवजड विमानांचे काम सुरक्षित असते, हीही एक गैरसमजूत आहे. २२ जुलै २०१६ रोजी चेन्नईहून पोर्ट ब्लेअरकडे निघालेले एएन-३२ विमान २९ जणांसह बंगालच्या उपसागरात नाहीसे झाले. त्याचे अवशेष सुमारे ३,४०० मीटर खोलीवर सापडल्याचे कळले ते २०२४ च्या जानेवारीत. जून २०१९ मध्ये त्याच जातीचे विमान अरुणाचलच्या डोंगरांत कोसळून १३ जण दगावले. मार्च २०१४ मध्ये ग्वाल्हेरजवळ सी-१३० विमानाचे संपूर्ण पथक, पाच जण, सरावाच्या उड्डाणात गेले. या मृत्यूंना युद्धाचे वलय नव्हते. म्हणून ते लवकर विस्मरणात गेले.

इतिहासाची साक्ष

भारतीय हवाई दलाचा स्वातंत्र्योत्तर इतिहास सुरू होतो तो अवजड विमानापासून, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी पहाटे दिल्लीहून डाकोटा विमाने शीख पलटणीच्या जवानांना घेऊन श्रीनगरकडे निघाली. टोळीवाले बारामुल्ल्यापर्यंत येऊन पोहोचले होते. श्रीनगरची धावपट्टी आपल्या हाती आहे की शत्रूच्या, याची पुरती खात्री नसताना ती विमाने उतरली. हवाई दलाच्या विमानांबरोबर खासगी कंपन्यांची डाकोटा विमानेही या कामी लागली होती. त्या दिवशी विमाने उतरली नसती, तर काश्मीर खोऱ्याचा इतिहास निराळा लिहावा लागला असता. पुढे वेढ्यात सापडलेल्या पूंछला अन्न व दारूगोळा पोहोचविण्याचे आणि निर्वासितांना बाहेर काढण्याचे कामही डाकोटांनीच केले. मे १९४८ मध्ये एअर कमोडोर मेहर सिंग यांनी नकाशांचा नीटसा आधार नसताना हिमालयाच्या रांगा ओलांडून लेह येथे डाकोटा उतरविले.

मेहर सिंग यांचे उदाहरण आणखी एका कारणाने लक्षात घेण्यासारखे आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्यांनी हरिकेन लढाऊ विमानांच्या तुकडीचे नेतृत्व केले होते आणि त्याबद्दल त्यांना ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर’ हा सन्मान मिळाला होता. तोच माणूस चार वर्षांनी मालवाहू विमान घेऊन लेहला गेला आणि त्यात त्याला कमीपणा वाटला नाही. त्या पिढीच्या मनात लढाऊ आणि अवजड यांच्यामध्ये भिंत नव्हती. भिंत नंतर उभी राहिली.

१९७१ च्या युद्धात ११ डिसेंबर रोजी टांगाईल येथे छत्रीधारी सैनिकांची पलटण उतरविण्यात आली. उत्तरेकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी फौजेची वाट त्यामुळे अडली आणि पाच दिवसांनी ढाक्यात शरणागती झाली. त्याच युद्धात पश्चिम आघाडीवर विंग कमांडर विद्याभूषण वशिष्ठ यांच्या तुकडीने एएन-१२ या मालवाहू विमानांच्या मागच्या दारातून बाँब लोटून चांगा मांगाच्या जंगलातील दारूगोळ्याच्या साठ्यावर हल्ला केला. वशिष्ठ यांना महावीर चक्र मिळाले. मालवाहू वैमानिक ‘लढत नाही’ असे म्हणणाऱ्याने हा प्रसंग आठवावा.

प्रतिपक्षाचे म्हणणे

तथापि, न्यायाच्या तराजूत दुसरे पारडेही ठेवले पाहिजे. लढाऊ वैमानिकांना मिळणारा मान निव्वळ दिखाऊ नाही. टांगाईलला छत्रीधारी सैनिक निर्विघ्नपणे उतरू शकले, कारण त्याआधीच्या आठवड्यात मिग-२१ व अन्य विमानांनी ढाक्याच्या तेजगाव विमानतळाची धावपट्टी उखडून पाकिस्तानी विमाने जमिनीला खिळवून ठेवली होती. आकाश शत्रूच्या ताब्यात असेल, तर सर्वांत मोठे मालवाहू विमान हे केवळ सर्वांत मोठे लक्ष्य ठरते. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर सहा सेबर विमाने चालून आली, तेव्हा नॅट या छोट्या विमानातून एकाकी झुंज देणारे निर्मलजीत सिंग सेखों हे परमवीर चक्राचे आजवरचे एकमेव हवाई दलातील मानकरी आहेत. ज्या धावपट्टीवर १९४७ मध्ये डाकोटा उतरले, त्याच धावपट्टीच्या रक्षणासाठी त्यांनी प्राण दिले. एका अर्थाने हवाई दलाच्या संपूर्ण कार्याचा सारांश त्या एका धावपट्टीत सामावलेला आहे: कोणीतरी तेथे माणसे पोहोचविली पाहिजेत, आणि कोणीतरी ती पट्टी राखली पाहिजे.

अर्थशास्त्रात दोन प्रकारच्या वस्तूंमध्ये भेद करतात. काही वस्तू एकमेकींना पर्याय असतात, जसे चहा आणि कॉफी. काही वस्तू एकमेकींना पूरक असतात, जसे दौत आणि टाक. लढाऊ आणि अवजड विमाने या दुसऱ्या प्रकारात मोडतात. दौत श्रेष्ठ की टाक, हा वाद जितका फोल तितकाच हाही. गेल्या काही वर्षांत तर ही पूरकता अधिकच घट्ट झाली आहे. आकाशातच इंधन पुरविणारी आयएल-७८ विमाने हवाई दलात २००३ मध्ये आली. शेकडो किलोमीटरवरून शत्रूची विमाने हेरणारी टेहळणी विमाने २००९ मध्ये आली. सुखोई किंवा राफेल किती दूर जाऊ शकेल आणि काय पाहू शकेल, हे आता त्याच्या मागे उडणाऱ्या मोठ्या विमानावर अवलंबून असते. लढाऊ वैमानिकाचा पल्ला अवजड वैमानिक ठरवितो.

पाणी आणि हिरा

असे असूनही प्रतिष्ठेची उतरंड का टिकून राहते? ॲडम स्मिथने पाणी आणि हिरा यांच्याविषयी उपस्थित केलेले जुने कोडे येथे उपयोगी पडते. पाण्यावाचून जगता येत नाही, तरी त्याला मोल नाही. हिऱ्यावाचून काही अडत नाही, तरी त्याची किंमत अफाट. उत्तर असे की, किंमत उपयुक्ततेच्या बेरजेवर ठरत नाही, दुर्मिळतेवर ठरते. लढाऊ वैमानिक दुर्मिळ आहे, महाग आहे. अमेरिकेतील रँड या संशोधन संस्थेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हिशेबानुसार एफ-२२ लढाऊ विमानाचा एक वैमानिक तयार करण्यास सुमारे १ कोटी ९ लाख डॉलर लागतात, तर सी-१७ च्या वैमानिकास सुमारे ११ लाख डॉलर. म्हणजे जवळजवळ दसपट अंतर.

पण या आकड्यांतून नेमका कोणता निष्कर्ष काढायचा? खर्च जास्त म्हणून माणूस श्रेष्ठ, असा काढला तर तो चुकीचा होईल. खर्चातील बराचसा भाग हा विमानाच्या तासाचा, इंधनाचा आणि दुरुस्तीचा आहे. त्यातून एवढेच सिद्ध होते की, लढाऊ विमानासाठी चुकीचा माणूस निवडण्याची किंमत फार मोठी आहे. चुकीचा माणूस म्हणजे कमी हुशार माणूस नव्हे. ज्याची प्रकृती त्या कामाशी जुळत नाही, तो चुकीचा.

येथे रिकार्डोने १८१७ मध्ये मांडलेला तुलनात्मक लाभाचा सिद्धान्त आठवतो. एखादा छात्र दोन्ही कामांत इतरांपेक्षा सरस असला, तरी त्याने लढाऊ विमानावरच गेले पाहिजे असे त्यातून निघत नाही. तो कोणत्या कामात अधिक सरस आहे आणि दुसऱ्या कामासाठी उरलेले उमेदवार कसे आहेत, हे पाहावे लागते. वरचे सर्व गुणवंत लढाऊ विमानांकडे आणि उरलेसुरले इतरत्र, अशी वाटणी केली तर दौलत बेग ओल्डीच्या पट्टीवर शंभर जवान घेऊन उतरणारे विमान ‘उरलेल्या’ माणसाच्या हाती दिल्यासारखे होईल. कोणत्याही राष्ट्राला हे परवडणार नाही. दलाला हे कळत असते. म्हणूनच केवळ गुणानुक्रमावर निर्णय होत नाही. समाजाला मात्र ते कळलेले नाही.

उतरंड पक्की होण्याचे आणखी एक कारण आहे. लढाऊ विमानावरचा वैमानिक जखमी झाला, त्याच्या कण्याला इजा झाली किंवा तो त्या कामात टिकू शकला नाही, तर त्याची रवानगी वाहतुकीच्या विमानांवर होऊ शकते. उलट दिशेने जाणारा प्रवासी क्वचितच आढळतो. रहदारी एकेरी असली की ती उताराचीच वाटते. शरीराच्या मर्यादेतून घडलेल्या गोष्टीला योग्यतेच्या मर्यादेचे रूप दिले जाते.

अधिकाराची पायरी

प्रतिष्ठेचा प्रश्न केवळ मनाला वाटण्याचा असता, तर त्यावर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. पण तिचा संबंध अधिकाराशी येतो. अमेरिकेच्या हवाई दलात शीतयुद्धाच्या पहिल्या पर्वात बाँबफेकी विमानांच्या अधिकाऱ्यांचे वर्चस्व होते. १९८२ मध्ये चार्ल्स गॅब्रिएल प्रमुख झाले आणि सूत्रे लढाऊ वैमानिकांच्या हाती गेली. २००८ मध्ये नॉर्टन श्वार्ट्‌झ यांच्या रूपाने मालवाहू आणि विशेष मोहिमांच्या विमानांवर आयुष्य काढलेला अधिकारी प्रथमच प्रमुखपदी आला. अफगाणिस्तान व इराक येथील दीर्घ मोहिमांत वाहतुकीचे महत्त्व पटल्यावाचून ही नेमणूक झाली नसती, असे मानण्यास जागा आहे. आपल्याकडे गेली कित्येक दशके प्रमुखपद लढाऊ शाखेकडेच राहिले आहे. मुख्य संरक्षक फळीचे नेतृत्व त्या फळीतील माणसाने करावे, या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. परंतु तरुण छात्र वर पाहतो तेव्हा त्याला जी शिडी दिसते, तिच्यावरून तो आपली पसंती ठरवितो. ज्या शिडीला वरची पायरी नाही, तिच्यावर चढण्याची हौस कोणाला असणार?

स्त्रियांच्या बाबतीत तर ही पायरी नियमानेच अडविलेली होती. १९९४ पासून स्त्रिया हवाई दलात वैमानिक म्हणून आल्या, पण वाहतुकीच्या आणि हेलिकॉप्टरच्या शाखांत. अवनी चतुर्वेदी, भावना कंठ आणि मोहना सिंग या तिघी लढाऊ शाखेत दाखल झाल्या तो दिवस १८ जून २०१६ चा. ती योजनाही प्रथम प्रयोग म्हणून होती. तिला कायम स्वरूप २०२२ मध्ये मिळाले. बावीस वर्षे मुलींना वाहतुकीची विमाने मिळत राहिली ती त्यांनी निवडली म्हणून नव्हे, तर दुसरे काही निवडता येत नव्हते म्हणून. ज्या क्षेत्रात प्रवेश नाकारलेल्यांना पाठविले जाते, त्या क्षेत्राची प्रतिष्ठाही नकळत घसरते. स्त्रियांवरचा अन्याय आणि वाहतूक शाखेचे अवमूल्यन या दोन्ही गोष्टी एकाच दृष्टीतून आल्या होत्या.

पोटाचा प्रश्न

या निवडीला एक व्यवहाराची बाजूही आहे आणि मध्यमवर्गीय घरांत तिची चर्चा दबक्या आवाजात होते. अनेक इंजिनांच्या मोठ्या विमानांवर हजारो तास उडालेल्या वैमानिकाचे कौशल्य नागरी विमान कंपन्यांना थेट उपयोगी पडते. लढाऊ वैमानिकाचे बरेचसे कौशल्य मात्र एकाच गिऱ्हाइकाला हवे असते आणि ते गिऱ्हाईक म्हणजे सरकार. गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये मानवी भांडवलाची मीमांसा करताना सर्वसाधारण आणि विशिष्ट प्रशिक्षण असा जो भेद केला, त्याचे इतके चपखल उदाहरण दुसरे सापडणार नाही.

म्हणून जो तरुण निवृत्तीनंतरचा विचार करून अवजड विमान पसंत करतो, त्याच्यावर स्वार्थाचा आरोप करणे अनुचित आहे. चाळिशीच्या आसपास सेवा संपल्यावर मुलांचे शिक्षण आणि वृद्ध आईवडील यांचा भार त्याला उचलायचा असतो. त्याचबरोबर जो तरुण सर्व विचार करून लढाऊ विमान निवडतो, तो आपल्या कौशल्याचा बाजार स्वखुशीने बंद करून घेत असतो, याची जाणीव समाजाने ठेवली पाहिजे. त्याच्या शौर्याचे पोवाडे गायचे आणि त्याच्या कण्याच्या दुखण्याची दखल घ्यायची नाही, ही कृतज्ञता नव्हे.

खरी उणीव कोठे आहे?

येथवरच्या विवेचनावरून असे वाटेल की, लढाऊ शाखेचे लाड होतात आणि वाहतूक शाखा सावत्र वागणूक सोसते. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. १९६० च्या दशकातील ॲव्रो विमानांची जागा घेण्यासाठी ५६ सी-२९५ विमानांचा करार झाला तो सप्टेंबर २०२१ मध्ये. परंतु १९६३ मध्ये दाखल झालेले मिग-२१ हे लढाऊ विमानही निवृत्त झाले ते थेट २६ सप्टेंबर २०२५ रोजी. त्या दिवशी लढाऊ तुकड्यांची संख्या २९ वर आली. मंजूर संख्या आहे ४२. तेव्हा जुन्या विमानांवर उडण्याच्या बाबतीत शासनाने दोन्ही शाखांना समान न्याय दिला आहे!

याहून मोठी उणीव आहे ती शिकण्याच्या विमानाची. नवशिक्या वैमानिकाला संथ विमानावरून एकदम मिग-२१ सारख्या वेगवान विमानावर बसविणे धोक्याचे आहे, मधल्या पायरीसाठी प्रगत जेट प्रशिक्षण विमान हवे, अशी शिफारस ला फोंतेन समितीने १९८२ मध्ये केली. हॉक विमानांचा करार २००४ मध्ये झाला आणि बीदरच्या तळावर ती रुजू झाली २००८ मध्ये. शिफारस आणि करार यांच्यामध्ये बावीस वर्षे गेली. २०१२ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी संसदेत दिलेल्या माहितीनुसार, घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत नष्ट झाली होती आणि त्यांत १७१ वैमानिकांचा बळी गेला होता. हे सर्व अपघात प्रशिक्षणाच्या उणिवेमुळे झाले असे कोणी म्हणणार नाही; यांत्रिक दोष होते, मानवी चुका होत्या. पण ज्या मानवी चुका मधल्या पायरीवर सुधारता आल्या असत्या, त्या थेट मृत्यूच्या पायरीवर घडल्या, हे नाकारता येणार नाही. मुले कोणते विमान निवडावे याचा खल करीत होती, आणि ज्यावर बसून ती निवड सार्थ करायची ते विमान विकत घेण्याची निवड दिल्लीला बावीस वर्षे करता आली नव्हती.

निवड ही केवळ निवडणाऱ्याची जबाबदारी नसते. निवडीचे पर्याय जो समोर ठेवतो त्याचीही ती असते. छात्राने आपली प्रकृती ओळखावी, दलाने त्याला योग्य जागी बसवावे, आणि शासनाने त्या जागेवर धडके विमान ठेवावे. या तिहींपैकी पहिल्या दोन गोष्टी आपल्याकडे बऱ्या प्रमाणात घडत आल्या आहेत. तिसरीसाठी वाट पाहावी लागते, आणि त्या प्रतीक्षेची किंमत विशीतली मुले भरतात.

शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांना या बाबतीत एक छोटे परंतु मोलाचे काम करता येण्याजोगे आहे. प्रबोधिनीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याला सेखों यांची कथा सांगितली जाते, ती सांगितलीच पाहिजे. तिच्या जोडीला मेहर सिंग यांचीही सांगावी. एकट्याने झटपट निर्णय घेण्यात ज्याला उभारी वाटते, त्याने लढाऊ विमानाची आस धरावी. चार जणांना सांभाळून लांबचा पल्ला गाठण्यात ज्याचे मन रमते, त्याने अवजड विमान दुसऱ्या पसंतीचे म्हणून नव्हे, तर पहिल्या पसंतीचे म्हणून मागावे. आणि ज्याला मागितलेले मिळाले नाही, त्याच्या घरी सांत्वनाला जाऊ नये.

एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत रुग्णालयांतील प्राणवायू संपत आला होता. भरलेले प्राणवायूचे टँकर विमानातून नेणे धोक्याचे; म्हणून रिकामे टँकर कारखान्यांपर्यंत विमानाने पोहोचवायचे आणि भरून रस्त्याने किंवा रेल्वेने परत आणायचे, असा मार्ग निघाला. सी-१७ विमाने सिंगापूरपर्यंत गेली आणि देशात पुण्याहून जामनगरसारख्या ठिकाणी रात्रंदिवस फेऱ्या घालू लागली. जाण्याचा अर्धा वेळ त्यामुळे वाचला. त्या वाचलेल्या तासांत किती श्वास टिकले याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही, आणि ती विमाने चालविणाऱ्यांची नावेही कोणाला ठाऊक नाहीत. त्यांच्यापैकी कित्येकांचे, काही वर्षांपूर्वी, दुंडिगलहून आलेल्या बातमीनंतर घरी सांत्वन झाले असेल.